अकराशे चाळीस सह्या

९ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण उरकू.

तू फोन करतेस तेव्हा मला ऐकू येत नाही, आणि मी बोलायला लागते तेव्हा तुला वेळ नसतो. पत्राला निदान मध्येच 'हं, हं' करता येत नाही. अक्षर पाचव्या मजल्यावरच्या शिंपिणीचं आहे, शब्द माझे. मध्येच काही शहाणपणाचं आलं तर ते तिचं समज. (ती विचारते, हेही लिहू का? लिही म्हटलं.)

तुझ्या कंपनीची माणसं परवा आमच्या लिफ्टमध्ये माझा फोटो लावून गेली. हातात पेन, तोंडभर हसू. दात नाहीत ते बरं झालं, नाहीतर तेही मोजून दाखवले असते. फोटोखाली मोठ्या अक्षरांत काय आहे ते शिंपिणीने वाचून दाखवलं: 'अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अंगठ्याला निरोप! आम्ही फक्त लिफ्ट नाही, माणसंही वर नेतो.' अगं, माणसं वर नेतो म्हणजे काय? या वयात मला असलं काही वाचून दाखवू नये.

आता खाली जाताना मी मलाच भेटते, वर येताना पुन्हा भेटते. फोटोतली कधी दमत नाही. मी दमते.

तुझ्या वर्गाचंही सांगते, तू विचारलं नाहीस तरी. सहा रविवार तळमजल्याच्या खोलीत आम्ही अकरा बायका बसलो. ती शिकवणारी मुलगी गुणाची होती, घसा कोरडा पडेपर्यंत शिकवायची. पण सहा रविवारांत मला आलं काय, तर माझ्या नावाची चार अक्षरं. तीही अक्षरं म्हणून नव्हे, कापडावर वेल काढावी तशी येतात. एक वळसा, एक काठी, खाली शेपूट, वर टोपी. त्यातलं एखादं उचलून दुसरीकडे ठेवलं तर मी ओळख दाखवणार नाही. सातव्या रविवारी फोटोवाल्याला घेऊन तू आलीस आणि वर्ग संपला. जुलै होता तो. त्यानंतर तू आलेली नाहीस, हे मी सहज सांगते, टोमणा नाही. (शिंपीण म्हणते, टोमणाच आहे.)

तरी सही करताना छाती फुगते, खोटं कशाला बोलू? महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी तुमचा मेकॅनिक सर्व्हिसचा कागद घेऊन येतो. आधी त्यावर सेक्रेटरी सही करायचे. ऑगस्टपासून म्हणाले, "आजी दिवसभर घरी असतात, लिफ्टसमोरच दार आहे, नात कंपनीत आहे. त्यांचीच घेत जा." मी तर वाटच बघत असते. मेकॅनिक कागद धरतो, बोटाने जागा दाखवतो, मी वेल काढते. तो म्हणतो, "सही आहे आजी!" तरुण पोरं काही चांगलं झालं की असंच म्हणतात म्हणे. मी म्हटलं, सही तर आहेच, बरोबर आहे का ते तू बघ.

गेल्या खेपेला त्याने पाच तोंडांचा कागदही आणला होता, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. कंपनी कशी वाटते त्यावर बोट ठेवा म्हणाला. सगळ्यांत हसऱ्यावर ठेवलं. लिफ्ट त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर धापा टाकत उभी होती. पण प्रश्न कंपनीचा होता, लिफ्टचा कुठे होता?

एकच सांग. तुझ्या पाटीवर 'सामाजिक जबाबदारी विभाग' लिहिलंय असं तू म्हणाली होतीस. जबाबदारीचा एक वेगळा विभाग आहे, तर बाकीच्या विभागांत काय ठेवता?

गुडघे आहेत तिथेच आहेत. आशीर्वाद.

तुझी,
भिंतीवरची आजी


२ एप्रिल

भिंगरे,

अक्षर बदललेलं दिसेल. हे दुसऱ्या मजल्यावरचे पोस्टमास्तर, निवृत्त. वर त्यांनी 'सविनय नमस्कार' घातला होता, मी खोडायला लावला. नातीपुढे कसला विनय?

शिंपिणीचा हात मोडलाय. उजवा.

मंगळवारी दुपारी ती शिवलेले कपडे पोचवायला खाली निघाली. लिफ्टने तिसरा मजला ओलांडला, पुरुषभर खाली आदळली आणि मध्येच अडकली. शिंपीण कपड्यांच्या गाठोड्यासकट पडली, हात खाली आला. घंटेचं बटण दाबलं. घंटा वाजली नाही. मग चपलेने दार ठोकलं. दीड तास. शेवटी चौथ्या मजल्यावरचा शाळेतून आलेला मुलगा लिफ्ट येत नाही म्हणून ओरडला, तेव्हा कळलं.

मी झोपले होते. मला ऐकू येत नाही, तुला माहीत आहे.

दवाखान्यात भेटायला गेले. पोस्टमास्तरांचा हात धरून पायऱ्या उतरले, लिफ्ट बंदच आहे. मनगट दोन ठिकाणी मोडलंय, ऑपरेशन करावं लागेल, केलं तरी अंगठा पूर्वीसारखा वळेल की नाही देव जाणे. बाईचं पोट त्या अंगठ्यावर आहे. कात्री त्यानेच चालते, सुईही त्यानेच. माझ्याकडे बघून तिने काय म्हणावं? "दीड तास तू समोर हसत होतीस गं. शेवटी मी तुझ्याकडे पाठ केली."

मी हसले. मग जिन्यात येऊन बसले.

तुला हे कुणी कळवलं का? कळवलं असेल. तुझं मात्र काही आलेलं नाही.

आजी


१२ एप्रिल

भिंगरे,

काल तुमचे साहेब येऊन गेले. तीन मजले चढून आले तरी बूट चकचकीत आणि आवाज तुपासारखा. आल्या आल्या माझ्या पाया पडले. माणूस पहिल्याच भेटीत पाया पडला की मी आपले पाय मोजून घेते.

त्यांनी टेबलावर आठ कागद मांडले. "आजी, ह्या तुमच्याच सह्या ना?" मी चष्मा पुसून पाहिलं. आठही वेली माझ्याच, आणि खरं सांगू, शेवटच्या तीन तर फार सुरेख होत्या. म्हटलं, "माझ्याच! कुणी शिकवल्या, विचारा तरी." ते म्हणाले, "माहीत आहे की. तुमच्यामुळे आमची मान ताठ आहे." चहा घेतला, कागद गोळा केले, गेले.

मग शेजारी बसून कागद वाचलेल्या पोस्टमास्तरांनी सांगितलं मी काय केलं ते. प्रत्येक कागदावर छापलंय: ब्रेक तपासला, दोर तपासला, आतली घंटा तपासली, ग्राहकाने वाचून, खात्री करून सही केली. म्हणजे लिफ्ट ठणठणीत आहे असं ग्राहकानेच आठ वेळा लिहून दिलंय. ग्राहक म्हणजे मी. तेव्हा शिंपिणीच्या हाताशी कंपनीचा संबंध नाही, ऑपरेशनचं तिचं तिने बघावं.

भिंगरे, मी साठ वर्षं अंगठा दिला. अंगठा घेणाऱ्याला आधी कागद वाचून दाखवावा लागायचा. शेजारी साक्षीदार उभा करावा लागायचा. मी मध्येच अडवायचे, "थांबा, हे परत वाचा." बँकेतल्या एका बाईला मी चार वेळा वाचायला लावलं होतं, तिने पाचव्यांदा पाणी मागितलं. सही आली आणि वाचून दाखवणारे गेले. सही करणाऱ्या बाईला कोण वाचून दाखवतो? अंगठेबहाद्दर होते तेव्हा मला कागदातलं जास्त कळायचं.

संध्याकाळी सोसायटीची बैठक झाली. मला वाटलं, आता लोक पेटून उठतील. सेक्रेटरी म्हणाले, "एवढी चांगली कंपनी आहे. म्हाताऱ्या माणसांना शिकवते, झाडं लावते. एखादी चूक झाली असेल." बाकीच्यांनी माना डोलावल्या. याच लोकांनी ही कंपनी आणली तेव्हा काय म्हणाले होते ते मी ऐकलंय: "ज्यांना आजींची एवढी काळजी, त्यांना लिफ्टची नसेल का?" त्याआधीचा जुना लिफ्टवाला तुला आठवतो? तिरसट, दाढी वाढलेली, कुणाला 'नमस्ते' म्हणाला नाही कधी. पण लिफ्टच्या डोक्यावर चढून तासन् तास बसायचा. आतला दिवा गेला तरी लोक त्याचा उद्धार करायचे. तुमची लिफ्ट महिन्यातून तीनदा बसायची, तर म्हणायचे, "असू दे, व्यायाम होतो." चांगल्या माणसाला 'तुझा सदरा उसवलाय' सांगायला जीव धजत नाही, तसं झालं होतं.

तू एकदा फोनवर सांगितलं होतंस, वर्ग सुरू केल्यापासून तक्रारी चाळीस टक्क्यांनी कमी झाल्या. किती खूश होतीस! मलाही आनंद झाला होता. आता वाटतं, विचारायला हवं होतं, तक्रारी कमी झाल्या की बिघाड?

सहा मेला चौकशी आहे. सरकारी लिफ्ट तपासनीस येणार. मला बोलावलंय.

थकले गं. पोस्टमास्तरही थकलेत, त्यांनी वरची एक ओळ दोनदा लिहून एकदा खोडली.

आजी


२५ एप्रिल

भिंगरे,

आजचं अक्षर वाकडं आहे आणि कागदाला तेल लागलंय. लिहिणारा तुमचा मेकॅनिक आहे. बंद लिफ्टचे दोर मोजायला आला होता, त्याला दारातून आत ओढला. का ते पुढे कळेल.

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. आत एक छापील कागद आणि तुझ्या हातची चिठ्ठी. तुझं अक्षर मला वाचता येत नसलं तरी ओळखता येतं, सगळी अक्षरं बस पकडायला धावल्यासारखी पुढे झुकलेली असतात. तीन दिवस मी ती चिठ्ठी उशाखाली ठेवली. दुपारी काढायची, उलटसुलट बघायची. त्यात माझ्या नावाची चार अक्षरं शोधली. सापडली नाहीत. तू 'आजी' लिहिलं असशील.

शेवटी वाचून घेणं भाग होतं. पोस्टमास्तरांकडे नेणार होते, पण घरचं काही असेल, परक्या माणसाला कशाला, म्हणून पाचव्या मजल्यावर चढले. दोन मजले, चार ठिकाणी बसून. शिंपीण खिडकीशी होती, हात गळ्यात बांधलेला. डोळे तर शाबूत आहेत. म्हटलं, "बाई, एवढं वाच गं, नातीचं आलंय."

तिने वाचलं. मोठ्याने, माझ्या कानाशी, एकही शब्द न गाळता:

"आजी, सोबतच्या कागदावर सही करून पाठव. त्यात लिहिलंय की तू दर वेळी वाचूनच सही केलीस. अकराशे चाळीस बायकांना आम्ही साक्षर केलं असा आकडा मी वर दिलाय, तुला वाचता येत नाही असं निघालं तर सगळं कोसळेल आणि सगळ्यांत आधी माझी नोकरी. चौकशीतही एवढंच म्हण. ही चिठ्ठी एकटीने वाच आणि फाडून टाक. कुणाला दाखवू नकोस. शिंपीणबाईंना तर नाहीच."

मग ती म्हणाली, "संपलं. खाली सही आहे."

चिठ्ठी डाव्या हातानेच घडी करून तिने माझ्याकडे दिली. आणि म्हणाली, "पोरगी लिहिते मात्र छान. एकही चूक नाही."

एकटीने वाच! अगं, पाच वर्षांची असल्यापासून तू माझ्याजवळ वाढलीस. तुझ्या प्रगतिपुस्तकावर माझा अंगठा असायचा, आणि गणितात कमी पडले की तू 'पास' एवढंच वाचून दाखवायचीस, ते मला माहीत होतं. औषधाच्या बाटल्या तू वाचायचीस. घरावर आलेली नोटीस तू वाचलीस, नऊ वर्षांची होतीस, 'निष्कासन' शब्दाला अडखळलीस. आणि तूच मला लिहितेस, एकटीने वाच. आधी राग आला. जिना उतरताना मात्र उलगडलं. तू मला खोटं बोलायला सांगत नव्हतीस, निदान तुला तसं वाटत नव्हतं. लिफ्टमधल्या त्या बाईवर तुझा खराच विश्वास बसलाय. इतरांनी बसवून घेतला, तुझा का बसू नये?

शिंपिणीने माझ्याकडे काही मागितलं नाही. मागितलं असतं तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

आता मेकॅनिकचं. माझ्या सहीशेजारी ज्याची सही आहे त्यानेच हे पत्र लिहावं, म्हणून त्याला बसवलाय. ऐकताना त्याचा कान लाल झाला. मी विचारलं, "घंटा तपासली होतीस का रे?" तर म्हणतो, "आजी, पूर्वी माझ्याकडे पंधरा इमारती होत्या, आता बेचाळीस आहेत. शिवाय मार्चच्या त्या गुरुवारी आम्हाला सगळ्यांना झाडं लावायला नेलं होतं, कंपनीचे टी-शर्ट घालून. संध्याकाळी येऊन नुसत्या सह्या घेतल्या." हे लिहिताना त्याचा हात थांबला. मी म्हटलं, लिही, तेही लिही. लिहितोय बघ. झाडं जगली का विचारलं, तर म्हणाला, पाणी घालायला कुणाला पाठवलं नाही.

तो लिहितोय तर माझंही एक उरलेलं सांगून टाकते. त्या मंगळवारी मी झोपले नव्हते. ठोकल्याचं मला ऐकू आलं होतं. वाटलं, वरच्या मजल्यावर सुतारकाम चाललंय. दाराची फट बंद केली आणि उशी घेतली. लिफ्टचा विचारही मनाला शिवला नाही. तुझ्या कंपनीची लिफ्ट ती, तिला काय होणार?

छापील कागद माझ्याकडे आहे. सही केलेली नाही. फाडलेलाही नाही. माझ्याकडे अकरा दिवस आहेत, तुझ्याकडेही आहेत. काही सांगायचं असेल तर सांग, पण या खेपेला असं लिही की कुणीही वाचलं तरी चालेल.

आजी


७ मे

भिंगरे,

तू लिहिलं नाहीस. तेव्हा काल काय झालं ते माझ्याकडूनच ऐक, साहेब तुला वेगळं सांगतील. लिहायला पोस्टमास्तर आहेत, ते तिथे होते, मी वाढवून सांगितलं तर थांबतील.

तळमजल्याची तीच खोली, वर्गाची. फळ्यावर अजून अर्धं काहीतरी पुसायचं राहिलेलं. मध्ये तपासनीस, बारीक माणूस, सारखा घड्याळ बघणारा. शेजारी साहेब. मागे अख्खी इमारत, आणि शिंपीण दाराजवळच्या खुर्चीवर.

साहेबांनी छापील कागदाची दुसरी प्रत माझ्यापुढे सरकवली. पेनही दिलं, टोपण काढून. "आजी, वाचून सही करा."

मी म्हटलं, "वाचा."

"तुम्हीच वाचा ना. तुम्हाला येतं."

"मला सही येते. वाचता येत नाही."

ते हसले. "अहो, असं कसं? आमच्या अहवालात तुमची अक्षरओळख झालीय."

"ओळख झालीय हो," मी म्हटलं. "रस्त्यात भेटली तर नमस्कार होतो. बोलणं होत नाही."

मागे कुणीतरी खुसखुसलं. तपासनीसाने घड्याळ बघायचं सोडलं. मला फळ्याकडे बघायला सांगितलं, तीन शब्द लिहिले आणि म्हणाला, "यातलं एक तरी?" मी बघितलं. अगदी प्रामाणिकपणे बघितलं, भिंगरे, तुझी शपथ. एखादं यावं असं मनापासून वाटलं. आलं असतं तर मी वाचलं असतं. काही आलं नाही.

"मग आठ सह्या का केल्यात?" त्याने विचारलं.

काय सांगणार? "आवडायचं म्हणून," म्हटलं. "आणि कंपनी चांगली वाटायची म्हणून. चांगल्या माणसाला कागद वाचून दाखव म्हणणं बरं दिसत नाही."

मग मेकॅनिक आपण होऊन उठला आणि झाडांचं सांगितलं. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

कार्यक्रम कुणाचा, असं तपासनीसाने विचारलं तेव्हा मी म्हटलं, कंपनीचा. तुझं नाव घेतलं नाही. पण साहेबांच्या डोळ्यांत तू दिसलीस मला. ते उठताना माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आजी, नातीचा तरी विचार करायचा होतात." मी म्हटलं, "तेवढाच करत होते. अकरा दिवस." आवाज जरा चढला असावा, मला ऐकू येत नसल्यामुळे अंदाज राहत नाही.

तुला पणाला लावून मी शिंपिणीला निवडलं असं तुला वाटेल. तसं नाही. तिचा हात मोडलाय हे खरं होतं, आणि मला वाचता येत नाही हेही खरं होतं. दोन्हींतलं एक लपवायला मला बळ हवं होतं, आणि ते कुठून आणू? थकलेल्या माणसाला खरंच बोलणं सोपं पडतं. त्यात मोठेपणा काही नाही.

बैठक सुटल्यावर काय पाहिलं सांगू? याच लोकांनी, "एखादी चूक झाली असेल" वाल्यांनी, लिफ्टमधला माझा फोटो ओरबाडून काढला. सेक्रेटरी सगळ्यांत पुढे. "सगळं नाटक होतं! वर्ग नाटक, झाडं नाटक!" माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत उभं फाटलं. मी म्हटलं, "ती शिकवणारी मुलगी नाटक नव्हती. तिचा घसा खराच बसायचा." कुणी ऐकलं नाही. आधी डोळे मिटून चांगली म्हणाले, आता डोळे मिटून वाईट म्हणतायत. डोळे उघडायचाच कंटाळा. मलाही तोच होता, मी कुणाला हसू?

रागाव. तुझा हक्क आहे. फार दिवस मात्र ताणू नकोस, माझ्याकडे फार दिवस नाहीत. (पोस्टमास्तर म्हणतात हे भावनिक दडपण झालं. असू दे.)

आजी


१९ जून

भिंगरे,

तुझं पत्र पोस्टमास्तरांनी तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला ऐकू आलं नाही, दुसऱ्यांदा विश्वास बसला नाही, तिसऱ्यांदा चैन म्हणून. अर्ध्यात शिंपीणही येऊन बसली. कुणीही वाचलं तरी चालेल असं लिहिलंस, म्हणून बसू दिलं.

तर तू महिनाभर हिंडलीस. जिथे जिथे वर्ग झाले तिथे गेलीस, एकेका बाईपुढे बसलीस आणि वाचायला लावलंस. अकराशे चाळीस सह्या, आणि वाचता येतं बासष्ट जणींना. आणि तो आकडा तू स्वतःच्या हाताने वर पाठवलास, सोबत माझ्या आठ कागदांचं खरं काय तेही.

तू लिहितेस, "आजी, फक्त बासष्ट. मला लाज वाटते."

बासष्ट म्हणजे बऱ्याच झाल्या गं! बासष्ट बायका आज कुठेतरी औषधाची बाटली स्वतः वाचतायत. पोरांच्या प्रगतिपुस्तकातली लबाडी पकडतायत. त्यांना तू शिकवलंस. अकराशे चाळीसांच्या ढिगाऱ्यात त्या बिचाऱ्या हरवल्या होत्या, मोजल्यास म्हणून सापडल्या. माझ्यासारख्या बाकीच्यांचं वाईट वाटून घेऊ नकोस. सहा रविवारांत आम्ही तरी किती डोकं चालवणार?

इथलं सांगते. कंपनीने शिंपिणीच्या ऑपरेशनचं मान्य केलं, तू पाठवलेल्या कागदानंतर, आधी नाही. ऑपरेशन झालं. चार बोटं मिटतात, अंगठा अर्धा येतो. कात्री धरता येत नाही, कापड बेतून दुसरीकडून कापून घेते. तुला निरोप दिलाय: "तिला सांग, चिठ्ठीचं मी विसरले नाही, पण आकड्याचंही विसरणार नाही." तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ. मला तर ती, मी कबुली दिल्यापासून, अजून सुतारकाम ऐकवते.

आणि तुझी बदली. शेवटच्या ओळीत लिहिलंस, घाईत, गणिताचे मार्क सांगायचीस तसं. जबाबदारीच्या विभागातून काढून तक्रारीच्या खिडकीवर बसवलंय तुला. शिक्षा म्हणून. दिवसभर लोकांचं ऐकायचं आणि वहीत उतरवायचं. रडलीस का? रडली असशील. मला मात्र वाटतं, तुमच्या कंपनीने वर्षभरात एवढं एकच माणूस बरोबर जागी नेमलं, तेही चुकून.

बसलीच आहेस, तर पेन घे आणि माझीही एक उतरवून घे. पोस्टमास्तर सांगतात तशी रीतसर.

तक्रारदार: म्हातारी, मजला तिसरा.

तक्रार: नात येत नाही.

केव्हापासून: गेल्या जुलैपासून.

यापूर्वी तक्रार केली होती का: पत्रातून, आडून आडून.

काय अपेक्षा आहे: माणूस प्रत्यक्ष पाठवावं. पत्र चालणार नाही, फोन ऐकू येत नाही. लिफ्ट बंद आहे, पायऱ्या चढून यावं. रविवारी मी घरीच असते. सोमवारीही असते.

आजी